फळीवरची आई

"मला काही तिचं रडणं ऐकू येत नाही, सूनबाई. पण आधी दिसायचं. हल्ली दिसतही नाही."

आप्पा हे बोलले तेव्हा ती ओट्याशी उभ्याउभ्या चहा पीत होती आणि तोंडात न बसणारी एक ओळ मनातल्या मनात घोळवत होती. आप्पा म्हणजे सासरे. उभा जन्म छापखान्यात गेला, यंत्रांच्या खडखडाटात कान गेले, आणि कानात यंत्र घालायचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं: एका यंत्राने नेलं ते दुसरं काय परत देणार? मोठ्या मुलाकडे राहायचे, नातीला बघायला म्हणून महिनाभर इकडे आले होते. त्यांच्या बोलण्यावर तिने हसून मान हलवली आणि कपाकडे बोट दाखवून आणखी चहा हवा का, ते विचारलं. ठार बहिऱ्या माणसाने बाळ रडत नाही अशी तक्रार करावी, याची तिला गंमतच वाटली. संध्याकाळी नवऱ्याला तिने ती गंमत म्हणूनच सांगितली. दोघं हसले. चार दिवसांनी आप्पा परत गेले आणि त्यांचं ते वाक्य कपबशीबरोबर धुऊन पालथं घातलं गेलं.

तिचा आवाज तुम्ही ऐकला असेल. कुठल्याशा कचेरीत फोन लावला की "कृपया थांबा, आपण रांगेत आहात" असं जी बाई इतक्या मायेने सांगते की चिडलेला माणूसही जरा वेळ थांबतो, ती हीच. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली, मग आवाजाचंच काम मिळालं. लोकांना थांबवून ठेवण्यात तिचा हात, म्हणजे गळा, धरणारं कोणी नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, मी अडकलेल्यांना सोडवतो आणि तू सुटलेल्यांना अडकवतेस, जोडी जमली.

बाळ पोटात असताना इतकं गरगर फिरायचं की नवऱ्याने त्याचं नाव भिंगरी ठेवलं होतं. भिंगरी झाली आणि थोड्याच महिन्यांत तिच्याकडे एक मोठं काम चालून आलं: लहान मुलांच्या गोष्टींचा अख्खा संच, घरी बसून वाचायचा. अशा कामाला नाही म्हणणं म्हणजे लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाणं. झोपायच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटातले कपडे काढून तिने आतून जाड रजया ठोकल्या, माईक टांगला, स्टूल ठेवलं. कपाटाचं दार लावलं की बाहेरचं जग बंद. पाळणा पलीकडच्या खोलीत.

प्रश्न एकच होता. बाळ रडतं, ते रजयांतूनही आत येतं, आणि गोष्टीत रडणं चालत नाही.

त्यावर तोड काढली कानसेनने. तिच्या कामाच्या ठिकाणी जो ध्वनिमुद्रण करायचा त्याला सगळे कानसेन म्हणत. पानावर पडलेल्या पालीचाही त्याला आवाज येतो अशी त्याची ख्याती. बाळ बघायला आला तेव्हा त्याने स्वतः जोडलेली एक डबी आणली. तळहातावर मावेल एवढी. आजूबाजूला आवाज वाढला की डबी आपोआप बोलायची, आणि काय बोलायचं ते आपण भरून ठेवायचं. बाळ रडलं की त्याला आईचा आवाज ऐकू यायला हवा, एवढीच त्याची साधी, भली कल्पना.

तिने ते वाक्य भरलं, आणि कसं भरलं. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. एकदा घाई वाटली, एकदा लाड जास्त झाले. शेवटी जे जमलं त्यात हसू होतं, धाप होती, पावलं उचलल्याचा भास होता. "आले हं, आले, आलेच बाळा." कानसेनने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, बाई, हे ऐकून मीच गप्प बसेन. डबी पाळण्यावरच्या फळीवर ठेवली गेली.

पहिल्या दिवसांत जादू झाली. भिंगरी रडायला लागायची, डबी बोलायची, भिंगरी थबकायची आणि डोळे दाराकडे लावायची. कपाटातून बाहेर येऊन ती हे एकदा दाराच्या फटीतून बघून आली होती आणि तिला अगदी भरून आलं होतं, की बघा, किती ओळखते. मग पुन्हा रडणं, पुन्हा डबी. तेवढ्यात परिच्छेद संपायचा. परिच्छेद संपला की ती जायचीच. कधी लगेच, कधी आणखी एका परिच्छेदानंतर.

हळूहळू भिंगरी कमी रडायला लागली. मग आणखी कमी. शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलंस, आमच्याकडे तर रात्रंदिवस भोंगा. मैत्रिणींना ती फोनवर सांगायची की पोर इतकी शहाणी आहे, तास तास छताकडे बघत पडून राहते. दूध वेळेवर, अंघोळ वेळेवर, लसी वेळेवर. पाजताना तिच्या कानात इयरफोन असायचा, कारण दिवसभराचं वाचन तपासायचं तर दुसरी वेळ कुठली? आपल्यात एक म्हण आहे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तिने ती शाळेत निबंधात वापरली होती. रडून काही मिळत नाही हे ज्या मुलाला कळलं, त्याचं पुढे काय होतं, ते म्हणीत सांगितलेलं नाही.

आप्पा परत गेल्याला बरेच दिवस झाल्यावरची गोष्ट. त्या दुपारी गोष्ट लवकर संपली. ती कपाटातून बाहेर आली, पाठ मोडून आली होती, आणि पाय न वाजवता पलीकडच्या खोलीच्या दारात गेली. वाटलं, झोपली असेल. भिंगरी टक्क जागी होती. दुपटं भिजून गार झालेलं, झबलं पाठीपर्यंत ओलं, आणि हे आत्ताचं नव्हे, कडेने ते सुकायलाही लागलं होतं. चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, रड नाही. फलाटावर गाडीची चौकशी करणंही सोडून दिलेल्या प्रवाशासारखी ती पडली होती.

तिचा जीव कळवळला, आणि तोंडातून आपसूक जे यायचं तेच आलं. दारातूनच म्हणाली, "आले हं, आले, आलेच बाळा."

भिंगरीने मान वळवली. दाराकडे नाही. फळीकडे. डबीकडे क्षणभर बघितलं, आणि पुन्हा छताकडे.

ती पाळण्याशी गेली, वाकली, पुन्हा तेच म्हणाली, आता खरंखुरं, तोंडासमोर तोंड नेऊन. पोरीने डोळे दुसरीकडे फिरवले. रुसल्यासारखे नव्हेत, रुसण्यातसुद्धा समोरच्याकडून काही हवं असतं. रस्त्यावर कुणी पत्रकं वाटत असावं आणि आपण हात न पुढे करता निघून जावं, तसे.

तिने पोरीला कोरडं केलं, कुशीत घेतलं. अंग जड, मान सैल.

आणि आता तिच्या मनात जे आलं ते तिने पुढे कित्येक दिवस कोणालाही सांगितलं नाही. तिच्या मनात आलं, कान असतील. कानात दोष असेल हिच्या. आप्पांचंच काही उतरलं असेल. आप्पांचे कान यंत्रांनी नेले होते आणि असलं काही उतरत नसतं, हे शिकलेल्या बाईला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. स्वयंपाकघरातून तिने एक झाकण आणलं आणि पाळण्यामागे फरशीवर सोडलं. भिंगरी दचकली, दोन्ही हात उघडले. तिने स्वतःला सांगितलं, फरशी हादरली म्हणून दचकली. आपलं मूल बहिरं निघावं म्हणून आई देव पाण्यात घालून बसली होती, कारण मूल बहिरं नसेल तर मग दोष कुठे शोधायचा, ते तिला ठाऊक होतं.

बाळांच्या डॉक्टर वयस्कर होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी भिंगरीला आईच्या मांडीवर बसवलं आणि मागून एक छोटी घंटी वाजवली. भिंगरी वळली. दुसऱ्या बाजूने वाजवली. वळली. घंटीपेक्षाही हळू, कागद चुरगळला. वळली. मग डॉक्टरांनी बाळाला परिचारिकेच्या मांडीवर दिलं आणि तिला म्हणाल्या, "आता तुम्ही मागून हाक मारा."

तिने हाक मारली. तिच्या गळ्यात जेवढं होतं तेवढं त्या हाकेत होतं. भिंगरी परिचारिकेच्या खिशातल्या पेनाशी खेळत राहिली.

डॉक्टरांनी स्वतः मागून हाक मारली, नुसतं "ए बाळ." भिंगरी वळली.

कान उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की दिवसभर हिच्याशी घरी कोण बोलतं. ती म्हणाली, "मीच. माझाच आवाज असतो दिवसभर."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि एवढं मोठं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

बाळाला घेऊन ती जिना उतरली. खालच्या दरवाज्यापर्यंत गेली. तिथे एक बाई आपल्या पोराला ओरडत होती, आणि ते पोर तिच्याच पायाला मिठी मारून तिच्याच नावाने भोकाड पसरत होतं. ती ते बघत उभी राहिली. मग मागे फिरली, जिना चढली, पुढचा पेशंट आत बसलेला असताना दारात उभी राहून तिने डबीचं सगळं सांगून टाकलं, भरभरा, एका दमात. परिच्छेदांचंही सांगितलं. इयरफोनचंही. कान खराब निघावेत असं वाटलं होतं, तेवढं मात्र सांगितलं नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पहिल्या वर्षात मूल बोलायला शिकत नसतं. आपण आवाज दिला तर कोणी येतं का, हे ते बघत असतं. तुमच्या मुलीने बघितलं आणि तिला जे दिसलं ते ती शिकली. हुशार आहे. आता दुसरं काही दिसलं तर तेही शिकेल, पण एका दिवसात नाही." आणि परत कधी यायचं ते सांगून त्यांनी दार लावून घेतलं.

नवरा आला तेव्हा ती डबी हातात घेऊन बसली होती. तिने सांगितलं. त्याने बॅग खांद्यावरून न उतरवताच सगळं ऐकलं. ती वाट बघत होती की तो काहीतरी बोलेल, निदान आप्पा सांगत होते याची आठवण तरी करून देईल. पण तो म्हणाला, "दर रविवारी सेल मीच बदलत होतो गं. एकदा संपले होते तर खास खाली जाऊन आणले." त्या दिवशी लिफ्टवाल्याने कोणाला अडकवलं होतं, त्यावर विनोद झाला नाही.

आप्पांना फोन करून उपयोग नसायचा, म्हणून मोठ्या दिराच्या फोनवर व्हिडिओ लावला. आप्पा पडद्याला नाक लावून बसले. जाऊबाई त्यांना बाजूला बसून लिहून दाखवत होत्या. डबी म्हणजे काय ते त्यांना कळायला वेळ लागला, कारण महिनाभर ते त्या खोलीत ये-जा करत होते आणि ती डबी बोलते हे त्यांना माहीतच नव्हतं. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"अरे, म्हणून ती फळीकडे बघायची," ते मोठ्याने म्हणाले. ते नेहमी मोठ्यानेच बोलत. "तोंड वाकडं करायची, फळीकडे बघायची, आणि तोंड परत सरळ. मला वाटायचं, वर झुरळ आहे की काय. दोनदा झाडलीसुद्धा ती फळी."

मग त्यांनी नातीकडे मोर्चा वळवला. भुवया उडवल्या, गाल फुगवले, कवळी पुढे काढून आत घेतली. भिंगरी पाहत राहिली. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. आप्पांनी लगेच आपल्या ओठांचा कोपरा हलवला. तिने भुवया वर केल्या. त्यांनी केल्या. कानाने अधू म्हातारा, त्याला नातीचा चेहरा वाचल्याशिवाय काही कळायचंच नाही, म्हणून तो चेहऱ्यावरून नजर काढायचाच नाही. सगळा खेळ एवढ्याशा पडद्यावर चालला होता आणि ती फोन धरायच्या कामाची उरली होती. तिला मत्सर वाटला, आणि मत्सराची लाज वाटली, आणि फोन धरलेला हात तिने जराही हलू दिला नाही.

डबी फळीवरून निघाली. कानसेनला तिने परत दिली तेव्हा कारण सांगणं भाग होतं. त्याच्या भल्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्याने डबी उघडली, सेल काढले, दोन्ही वेगवेगळ्या खिशांत टाकले, जणू एकत्र राहिले तर पुन्हा बोलतील. म्हणाला, बोलाचीच कढी नि बोलाचाच भात झाला हा, बाई. मी नुसता आवाजच बघितला.

तिने एक नियम केला. आधी जायचं, मग "आले" म्हणायचं. दारातून नाही, स्वयंपाकघरातून नाही. पाळण्याशी पोचून, पोरीला तोंड दिसलं की मगच. पण जायचं कधी? पोर तर हाकच मारत नव्हती. मग ती न बोलावता जायला लागली. दोन ओळी वाचायची आणि उठायची, रजयांतून बाहेर, खोलीत, परत. कानसेन म्हणायचा, घ्या वेळ, जोडतो मी नंतर. पाजताना इयरफोन नाही. तासन्‌तास ती पोरीचं तोंड बघत बसायची आणि तिला दिसायला लागलं की रडण्याच्या कितीतरी आधी काहीतरी होतं: पायाचा अंगठा आत वळतो, नाकाशेजारची कातडी किंचित आखडते. आखडते, आणि पोरगी ते गिळून टाकते. इतक्या लहान जिवाने काहीतरी गिळताना बघणं सोपं नाही. तो अंगठा वळला की ती धावायची. कधी उगाचच धावायची. नवरा एकदा म्हणाला, अगं, तिला जरा छताकडेही बघू दे, छताचा काय दोष.

दिवस गेले, आठवडे गेले. भिंगरी खायची, बसायची, कोणी गाल फुगवले तर फुगवायची. आई समोर असली की आता डोळे चुकवत नव्हती. पण आवाज देत नव्हती.

एका सकाळी ती कपाटात होती. गोष्टीत कोल्हा नदी ओलांडत होता. कानावर जाड हेडफोन, समोर छोटा पडदा, आणि पडद्यावर तिच्या आवाजाबरोबर वरखाली होणारी हिरवी पट्टी. कोल्ह्याने पाण्यात पाऊल टाकलं आणि ती श्वास घ्यायला थांबली. ती गप्प होती, तरी पट्टी उडाली. खाली बसली. पुन्हा उडाली, आणखी वर.

तिला रडणं आधी दिसलं. मग ऐकू आलं.

कोल्हा नदीत तसाच राहिला. हेडफोनची वायर ओढली जाऊन माईक एका बाजूला लोंबला. ती धावली, आणि तोंडाशी आलेलं "आले" तिने दात घट्ट मिटून आत ठेवलं, दारात, खोलीत, पाळण्यापर्यंत. वाकली. पोरीला तिचं तोंड दिसलं. तेव्हा म्हणाली, "आले."

भिंगरी शांत झाली नाही. तिला बघून पोरीने दुप्पट आवाज लावला. लाल झाली, मुठी आवळल्या, उचलून घेतलं तर आईच्या गालावर, नाकावर, मानेवर थापा मारत सुटली, आणि मारता मारता एका मुठीने तिचा पदर गच्च धरून ठेवला. ती उभी राहिली आणि मार खात राहिली. कुणी तिला इतकं रागावावं म्हणून ती किती दिवस वाट बघत होती. माईक चालूच होता. पुढे कानसेनने ते ऐकलं असणार. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि ते त्याने पुसलंही नाही.

याचा अर्थ सगळं गोड झालं असा नाही. भिंगरी आता चालते, भोकाड पसरते, आईला "ए" म्हणते. पण अजूनही कधी आई दुसऱ्या खोलीतून काही बोलली, कोणाशी फोनवर, सहज, तर खेळता खेळता पोरीची मान वर जाते. फळीकडे. तिथे आता काही नाही, घड्या घातलेली दुपटी आहेत. एवढंसं बघते आणि पुन्हा खेळायला लागते. नवऱ्याने फळी काढून टाकू म्हटलं. ती नको म्हणाली. राहू दे, आपल्याला दिसायला हवी.

संचातली शेवटची गोष्ट तिने अलीकडेच कामाच्या ठिकाणच्या स्टुडिओत जाऊन वाचून संपवली. गोष्ट संपली की थोडी शांतता सोडायची असा कंपनीचा नियम, म्हणजे मूल पेंगलेलं असेल तर पुढची गोष्ट लागून दचकायला नको. त्या शांततेत तिने चार वाक्यं म्हटली. कागदावर नसलेली, आवाजात हसू न आणता. कानसेनने काचेपलीकडून बघितलं आणि यंत्र बंद केलं नाही. कंपनीने ती ठेवली की कापली, ते अजून कळलेलं नाही. कापली असतील तर निदान इथे तरी असावीत, म्हणून जशीच्या तशी दिली आहेत:

"बाळा, गोष्ट संपली. आता हे जवळपास ऐकणाऱ्या मोठ्या माणसासाठी. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कोणीतरी लहान जीव बराच वेळ गप्प आहे, आणि किती शहाणा आहे म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. बसल्या जागेवरून हाक मारू नका, उठा, आणि जवळ जाऊन एकदा त्याचं तोंड बघून या."